नागपूरजवळ ऑफरोडिंगसाठी एक हक्काची जागा मिळावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मानेवाडा भागात माझं टू-व्हीलरचं छोटं गॅरेज आहे. सोमवारी सकाळी सर्व्हिसिंगला आलेली गाडी बघितली की रविवारी ती कुठे फिरून आली ते मला मडगार्डखालच्या मातीवरून कळतं. काळी चिकट माती गोळा होऊन बसली असेल तर कुणाच्या तरी वावरातून, लाल मुरूम असेल तर एखाद्या जुन्या खदानीतून, आणि एअर फिल्टर उघडल्यावर बारीक करडी राख बोटाला लागली तर मी हातातला पाना खाली ठेवतो आणि आधी त्या पोराशी बोलतो. कारण राख म्हणजे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांचे राखेचे तलाव. वरून सपाट मोकळं मैदान दिसतं, गाडी फिरवायला एकदम भारी वाटतं, पण वरचा थर वाळलेला असतो आणि खाली ओला गाळ, चाक आत गेलं की माणूस पण आत जाऊ शकतो. २०२२ च्या जुलैमध्ये खसाळ्याचा राखेचा तलाव फुटला होता ते नागपूरकर विसरले नसतील. तिथे पोरं एन्ड्युरोची (लांब पल्ल्याच्या ऑफरोड शर्यतीची) प्रॅक्टिस करतात हे ऐकून माझ्या पोटात गोळा येतो.

मी स्वतः २० वर्षांपासून ऑफरोडिंग करतोय, म्हणजे डांबरी सोडून कच्च्या रस्त्यावर गाडी चालवतोय, आधी आरएक्स होती आता एक्सपल्स आहे, त्यामुळे हे पत्र कुणाला शिव्या द्यायला लिहीत नाहीये. एक्सपल्स, हिमालयन, थार, जिम्नी, गुरखा, या गाड्या आता शहरात भरपूर झाल्यात, कंपन्या जाहिरातीत नदी-डोंगर दाखवून विकतात, शोरूमवाला चावी देतो, आणि मग पोरगा विचारतो की काका आता ही चालवू कुठे? याचं उत्तर माझ्याकडे नाही. रोज परवडेल, वर्षभर उघडी राहील आणि जिथे उभं राहिल्यावर कोणी हाकलणार नाही अशी एकही जागा मला नागपूर जिल्ह्यात इतक्या वर्षांत सापडलेली नाही. म्हणून हे सगळे चोरून फिरतात आणि चोरून फिरलं की नुकसान पण चोरूनच होतं.

ते नुकसान कसं असतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, म्हणजे आम्हीच केलं होतं. २०१७ च्या सप्टेंबरात आम्ही सहा जण हिंगण्याच्या पुढे एका पांधन रस्त्याने गेलो, पाऊस नुकताच थांबला होता, काळी माती, गाड्या मस्त घसरत होत्या, आम्हाला मजा वाटली आणि दोनतीनदा खालीवर केलं. महिनाभराने परत तिकडून जात होतो तर त्याच पांधनीत एक बंडी फसलेली. सोयाबीनची पोती लादलेली, एक बैल गुडघ्यावर आलेला, आणि चाक बरोबर त्या नालीत होतं जी आमच्या टायरने पाडली होती. काळ्या मातीचं असंच असतं, ओल्यात एकदा चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी तिच्यातूनच वाहतं, ती खोल होत जाते आणि दुसऱ्या वर्षी तिथे रस्ता राहत नाही. आम्ही गाड्या उभ्या केल्या, निम्मी पोती उतरवली, बंडी ढकलून काढली, पोती परत चढवली. तो शेतकरी चिडला पण नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, तुम्ही हौसेनं येता अन् निघून जाता, मले तं रोज याच पांधनीनं जा लागते." त्या दिवसापासून मी पावसाळ्यात आणि त्यानंतर माती पूर्ण सुकेपर्यंत कच्च्या रस्त्याला गाडी घालत नाही आणि माझ्यासोबत येणाऱ्यालाही घालू देत नाही.

मग मी जागा शोधायला लागलो, नीट कागद बघून. हे काम कंटाळवाणं आहे पण ज्याला ऑफरोडिंग करायचंय त्याने एकदा तरी करून बघावं म्हणून सविस्तर सांगतो. मोबाइलवर सॅटेलाइट नकाशात मोकळी जागा दिसली की मी तिचं गाव शोधतो, मग भूनकाशा या सरकारी वेबसाइटवर त्या गावाच्या नकाशात गट नंबर, मग महाभूलेख या दुसऱ्या सरकारी वेबसाइटवर त्या गटाचा सातबारा. भोगवटादाराच्या रकान्यात माणसाचं नाव असेल तर त्याच्या घरी जाऊन परवानगी मागायची, शक्यतो कागदावर. गुरचरण असेल तर तिथे गावाची जनावरं चरतात, ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. आणि आपल्याकडे नेहमी नडतो तो तिसरा प्रकार, झुडपी जंगल.

बाहेरच्या लोकांना हा शब्द माहीत नसतो पण आपल्या पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत, हजारो हेक्टर जमीन या नावाने नोंदलेली आहे. बघायला गेलं तर बोरी-बाभळीची खुरटी झाडं, दगड, मुरूम, मधे मोकळं रान. प्रत्येक रायडरला वाटतं ही पडीक आहे, कुणाची नाही. पण २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की झुडपी जंगलाची जमीन वनजमीनच धरायची, १२ डिसेंबर १९९६ च्या जुन्या आदेशाप्रमाणे. म्हणजे तिथे काही वेगळं करायचं तर केंद्राची परवानगी लागते. त्यामुळे नागपूरच्या आसपास आपण ज्याला मोकळी जागा म्हणतो त्यातली बरीचशी कागदावर जंगल आहे, आणि मला हे योग्य वाटतं. २०१९ च्या नोव्हेंबरात मिहानमध्ये वाघ फिरत होता, आयटी कंपन्यांच्या शेजारी. तो काही नकाशा बघून आला नव्हता, अशाच झुडपांतून नाल्यांतून आला असणार.

अभयारण्याचं तर बोलायलाच नको. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, तिन्ही दीडदोन तासांच्या अंतरावर, आणि दर हिवाळ्यात एखादा ग्रुप मागच्या वाटेने आत शिरून व्हिडिओ टाकतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कलम २७ प्रमाणे परवान्याशिवाय आत जाणं गुन्हा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, गाडी जप्त होते ती वेगळी. ३१ डिसेंबर २०२४ ला कऱ्हांडल्यात गोठणगावकडे एफ-२ वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या जिप्सींमधे कोंडले गेले होते, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या तर परवाना असलेल्या सफारीच्या गाड्या होत्या, सोबत गाइड होते. मग फाटलेल्या सायलेन्सरच्या आठ बाइक विनापरवाना आत गेल्या तर काय होत असेल याचा विचार करा.

आणि जनावर मोठंच असायला पाहिजे असंही नाही. मागच्या उन्हाळ्यात कन्हानच्या काठी एका माळावर मी गाडी थांबवून पाणी पीत होतो तर एक टिटवी डोक्यावर ओरडत गरगर फिरायला लागली, हलायलाच तयार नाही. खाली वाकून बघितलं तर पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर चार अंडी, खड्यांमधे खड्यांसारखीच, मातकट, काळे ठिपके असलेली. घरटं म्हणावं असं काही नव्हतंच, जमिनीत नुसता उथळ खळगा आणि भोवती चार खडे. गाडी स्टार्ट न करता हाताने मागे ढकलत नेली. मी थांबलो होतो म्हणून दिसली, चालत्या गाडीवरून कुणाला दिसली असती?

एवढं सगळं बघून दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक जागा सापडली होती. उमरेड रोडकडे एका काकांची स्वतःची जुनी मुरूम खदान, सातबारा स्वच्छ, शेजारी पीक नाही, जंगल नाही. काकांनी हो म्हटलं. फक्त रविवारी सकाळी ६ ते १०, गाडीमागे २०० रुपये, १८ च्या खालचं कोणी नको, दारू नको. आम्ही पाणी साचलेल्या खड्ड्याकडच्या बाजूला जुने टायर रचून कठडा केला, येण्याजाण्याची दिशा एकच ठेवली, हेल्मेट, चेस्ट गार्ड, नी गार्ड नसेल त्याला आत सोडलं नाही. पाच रविवार इतके छान गेले की सांगता येत नाही. त्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांना काळी माती नव्हती, राख नव्हती, सगळ्यांना तोच लाल मुरूम. पोरांना एकदा एक जागा मिळाली की ती दुसरीकडे जात नाहीत याचा याहून चांगला पुरावा मी देऊ शकत नाही.

सहाव्या रविवारी एक मुलगा चढावरून मागे पडला, कॉलरबोन मोडलं. १०८ ला फोन केला तर त्यांना पत्ता सांगता येईना, कारण खदानीला पत्ता नसतो, शेवटी एक जण मेन रोडवर जाऊन उभा राहिला तेव्हा अॅम्ब्युलन्स पोचली. मुलगा बरा झाला. पण त्याचे वडील काकांच्या घरी जाऊन खूप बोलले, केस करतो म्हणाले, आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी खदानीच्या तोंडाशी काटे टाकले. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मले तुमचा राग नाही बाप्पा, पण उद्या एखाद्याचा जीव गेला तं पोलीस माह्याच दारात येतीन." ते चुकीचं बोलत नव्हते. त्यानंतर मी आणखी चार जमीनमालकांकडे गेलो, चौघांची जमीन रिकामी, चौघांचा स्वभाव चांगला, आणि चौघांचं उत्तर तेच. एका सरकारी कार्यालयात पण गेलो, त्यांनी क्रीडा विभागाकडे पाठवलं, तिथून परिवहनकडे, तिथल्यांनी सांगितलं हे आमचं नाही. पाच टेबलं फिरल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे जागा आहे, अपघाताची जबाबदारी अंगावर घेणारं मात्र कोणी नाही.

हाच प्रश्न दुसरीकडे सुटलेला आहे आणि तो पण कोळशाच्या भागात, म्हणून मला तो आपल्याला जवळचा वाटतो. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचं राज्य आहे, डोंगराळ, कोळसा खाणींचं. तिथे पण लोक कंपन्यांच्या जमिनींवर चोरून गाड्या फिरवायचे आणि कंपन्यांना तीच भीती होती जी आमच्या काकांना. १९९६ मध्ये तिथल्या विधिमंडळाने एक वेगळं प्राधिकरण तयार केलं, हॅटफिल्ड-मॅकॉय नावाचं (ही तिथली दोन जुनी भांडणारी घराणी). कोळसा आणि लाकूड कंपन्यांनी जमीन वापरायला दिली, मालकी त्यांचीच राहिली, आणि अपघाताबद्दल जमीनमालकावर येणारी जबाबदारी कायद्यानेच कमी केली, वाटा आखायचं आणि सांभाळायचं काम प्राधिकरणाने घेतलं. २००० साली पहिल्या वाटा उघडल्या, आज हजार मैलांच्या वर आहेत, पैसे भरून परमिट काढायचं आणि ठरलेल्या वाटेवरच चालवायचं. तिथल्या वनखात्याच्या जंगलात पण असाच नियम आहे, कोणत्या वाटेवर कोणती गाडी चालेल त्याचा नकाशा ते फुकट देतात आणि नकाशात नसलेली वाट म्हणजे बंद.

आता आपल्या नागपूरकडे बघा. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय इथे, सिव्हिल लाइन्समध्ये. उमरेड, कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, गोंडेगाव, सगळा पट्टा कोळशाचा. ओपनकास्ट खाण म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड काढून बाजूला टाकायचे, त्याला ओबी म्हणतात, आणि त्या ओबीचे इतके मोठे डोंगर झालेत की उमरेडकडे जाताना लांबूनच दिसतात. ती जमीन शेतीच्या कामाची लगेच होत नाही. वेकोलिने त्यातून वाळू काढायचं काम केलंय, सावनेरला इको पार्क केलाय, लोकांना तिकीट काढून खाण दाखवलीय. म्हणजे खाणीच्या जमिनीवर सामान्य माणसाला सुरक्षितपणे नेता येतं हे त्यांनीच दाखवून दिलंय. मग बंद झालेल्या एखाद्या खाणीचा, काम संपलेला, इंजिनिअरने पक्का म्हणून तपासलेला एक तुकडा कुंपण घालून ऑफरोड पार्कसाठी का देता येऊ नये? २० एकर पण पुरे.

मी सरसकट सगळे डंप, म्हणजे ओबीचे ढिगारे, उघडा म्हणत नाहीये, हे ठळकपणे लिहावं लागतं कारण हे पत्र वाचून उद्याच कोणी गाडी घेऊन ओबीवर चढेल. चालू खाणीच्या डंपवर कोणीही जाऊ नये. ताजा भराव पावसात सरकतो, आतमधे राहिलेला कोळसा स्वतःहून पेटून खालून पोकळी होते, वर उभ्या माणसाला कळत पण नाही. खाण सुरक्षेचे लोक तपासून हो म्हणतील तीच जागा, आणि जिथे झाडं लावून झाली आहेत ती सोडून.

कायद्यात यासाठी दार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी विनापरवानगी शर्यत लावणं गुन्हा आहे, पण बंदिस्त आवारातला ट्रॅक ही वेगळी गोष्ट आहे. ज्या डर्टबाइकना नंबर प्लेट मिळतच नाही त्या चालवायच्या तर बंदिस्त आवारातच चालवता येतात, आणि आज नागपुरात अशा गाड्या छोट्या हत्तीत टाकून कुठल्या तरी माळावर नेल्या जातात. स्पर्धा घ्यायची तर एफएमएससीआय ही मोटर स्पोर्ट्सची देशातली मान्यताप्राप्त संघटना आहे, तिचे सुरक्षेचे नियम तयार आहेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलंय, आयोजकाला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कर्नाटकात कोलारजवळ सी. एस. संतोष यांनी बिगरॉक डर्टपार्क उभा केला, २०१५ साली डाकार रॅलीत उतरलेला हा पहिला भारतीय बाइकर, त्यांनी ते करून दाखवलं. विदर्भातल्या पोराला तसं शिकायचं असेल तर आज त्याला ट्रेनने बाराशे किलोमीटर जावं लागतं, आणि गाडी कशी न्यायची तो खर्च वेगळा.

म्हणून मा. जिल्हाधिकारी, वेकोलिचे अधिकारी आणि पर्यटन संचालनालय यांना माझी हात जोडून विनंती आहे की तिघांनी एकदा एका टेबलावर बसावं. जमीन वेकोलिची, चालवायला नोंदणीकृत संस्था, विमा रायडरच्या तिकिटातून, गेटवर अॅम्ब्युलन्स आणि अॅम्ब्युलन्सला सापडेल असा पत्ता, फीचा ठरलेला हिस्सा शेजारच्या ग्रामपंचायतीला. खाण बंद झाल्यावर त्या गावांतल्या पोरांचं काम जातं, गेट, पंक्चर, चहा-नाश्ता, ट्रॅकची डागडुजी हे काम त्यांनाच मिळावं. आवाजाची मर्यादा ठेवा, कंपनीचा सायलेन्सर काढलेली गाडी परत पाठवा, आम्ही एक शब्द बोलणार नाही. पावसाळ्यात चार महिने बंद ठेवा, तेही चालेल.

आईवडिलांना पण एक सांगायचंय. माझ्याकडे दहावी-अकरावीची मुलं वडिलांच्या नावावरची गाडी घेऊन येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ लागलंय, अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मी अशा गाडीला हात लावत नाही, वडिलांना फोन लावतो. काही जण चिडतात, चालेल.

आणि माझ्या रायडर भावांनो, जागा मिळेपर्यंत आपलं पण काही काम आहे. आपण जंगलात सापडलो, कुणाच्या पऱ्हाटीतून (कपाशीतून) गेलो, फुटाळा तलावावर रात्री सायलेन्सर वाजवला, तर साहेबांसमोर अर्ज ठेवताना तोच फोटो आपल्या तोंडावर फेकला जाईल. सातबारा बघा, मालकाला विचारा, नाही म्हणाला तर जय हरी म्हणून परत फिरा. वावराच्या धुऱ्यावरून (बांधावरून) जाऊ नका, धुरा फुटला की पाणी शेजाऱ्याच्या वावरात जातं आणि दोन घरांत भांडण लागतं. पांधनीत समोरून बंडी आली तर इंजिन बंद करून बाजूला उभे राहा, बैल बुजतात.

आम्ही बारा-पंधरा जणांनी अर्जाचा मसुदा तयार केलाय, कलमं, जागेच्या अटी, सुरक्षेचे नियम, सगळं त्यात लिहिलंय. सही करायला गॅरेजवाले, रायडर, जीपवाले, डॉक्टर, खाणीत काम केलेले निवृत्त लोक, कोणीही चालेल, विशेषतः खाणीतले, कारण कोणता डंप बसलाय आणि कोणता अजून हलतोय ते आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. खदान बंद केलेल्या त्या काकांना मी मसुदा वाचून दाखवला. त्यांनी चष्मा लावून अपघाताच्या जबाबदारीचा परिच्छेद दोनदा ऐकला आणि म्हणाले की हे असं लिहून कोणी सही करून देत असेल तर काटे काढतो. पहिली सही त्यांचीच घेतली आहे.

आपला,
एक गॅरेजवाला आणि रोजचा वाचक
मानेवाडा, नागपूर